ब्रेक पॅडमधून तांबं का काढलं? धूळ, पाऊस आणि सॅमन माशाचं नाक

अमेरिकेत ऑटो पार्ट्सच्या दुकानात ब्रेक पॅडचा खोका उचलून बघितलात तर त्यावर तीन छोट्या पानांचं एक चिन्ह असतं. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत नव्यानं बनलेल्या ब्रेक पॅडमध्ये वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त तांबं चालत नाही, आणि तिन्ही पानं भरलेली असली तर ती त्याचीच खूण आहे. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात किंवा वॉशिंग्टनमधल्या सिएटलकडे राहणारे आपले बरेच मराठी लोक हे पॅड विकत घेतात, गाडीला बसवतात, पण ब्रेकमध्ये मुळात तांबं असतंच कशाला आणि असलं तर सरकारला त्याचं काय पडलंय हे कोणी नीट सांगत नाही. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रदूषण कुठे अडवायचं याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आधी ब्रेक पॅड म्हणजे काय ते बघू

चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरत असते, तिला डिस्क म्हणतात, अमेरिकेत रोटर म्हणतात. तुम्ही पेडल दाबलं की दोन्ही बाजूंनी दोन पॅड त्या चकतीला चिमटा घेतात, घासतात, आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलून गाडी थांबते. पॅड म्हणजे मागे एक स्टीलची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला एक काळपट करडा थर. हा थर म्हणजे फ्रिक्शन मटेरियल, पुढे मी नुसतं मटेरियल म्हणेन. खरा खेळ सगळा त्याचाच आहे. त्यात वीस-वीस घटक असतात, सगळ्यांना धरून ठेवणारं रेझिन, ताकदीसाठी तंतू, वंगणासाठी ग्रॅफाइट, चकती खरवडून साफ ठेवणारे कठीण कण, आणि जागा भरायला बराइटसारखी खनिजं. कुठल्या कंपनीचं प्रमाण काय हे त्या कंपन्या जिवापाड जपतात.

हा थर झिजण्यासाठीच बनवलेला असतो हे लक्षात ठेवा. पॅड संपला म्हणून आपण बदलतो, तेव्हा तो "संपलेला" भाग कुठेतरी गेलेला असतो ना!

मग त्यात तांबं आलं कुठून

पूर्वी ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. उष्णता सहन करायचं, स्वस्त होतं, पण त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कॅन्सर होतो हे कळल्यावर कंपन्यांना ते सोडावं लागलं. त्याच सुमारास पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्या वाढल्या, त्यांच्या पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो, ते जास्त तापतात. ॲस्बेस्टॉस गेलं आणि उष्णता वाढली, या दोन्हीला मिळून जे उत्तर सापडलं त्यातलं एक मोठं उत्तर म्हणजे तांबं. काही पॅडमध्ये तर वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत.

तांबं तिथे काय करतं? एक तर उष्णता पटकन पसरवतं, लोखंडाच्या जवळजवळ पाचपट वेगानं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबत राहिलं की जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही असं वाटतं, त्याला फेड म्हणतात, तो तांब्यामुळे कमी होतो. दुसरं म्हणजे तांबं मऊ असल्यामुळे तापलं की चकतीवर त्याचा अगदी पातळ थर बसतो. बिडाचा तवा वापरून वापरून काळा तुकतुकीत झाला की त्यावर डोसा कसा एकसारखा सुटतो, तसंच पॅड आणि चकतीमध्ये हा थर तयार झाला की घर्षण एकसारखं राहतं, धक्के बसत नाहीत, किंचाळणारा आवाज कमी होतो. म्हणजे तांबं कोणी उगाच घातलेलं नव्हतं, ते तीन-चार कामं एकट्यानं करत होतं. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

झिजलेलं तांबं जातं कुठं

प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की मटेरियलचा बारीक भुगा होतो. चाकाच्या रिमवर जी काळी धूळ बसते ना, बोटानं पुसली की हाताला लागते, ती बरीचशी हीच. यातले काही कण हवेत तरंगतात आणि बाकीचे रस्त्यावर पडतात. उन्हाळाभर रस्त्यावर साठतात. मग पहिला मोठा पाऊस येतो आणि सगळं एकदम धुवून रस्त्याकडेच्या जाळीतून खाली जातं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी या पावसाच्या गटारांचं पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, थेट जवळच्या ओढ्यात, नदीत नाहीतर खाडीत पडतं. म्हणजे तुमच्या संडास-बाथरूमचं पाणी साफ होऊन जातं आणि रस्त्याचं पाणी जसंच्या तसं.

आता किती तांबं, याचा एक ढोबळ हिशोब करून बघू, आकडे समजा म्हणून धरा. पुढच्या दोन चाकांचे मिळून चार पॅड, प्रत्येकावर शंभर ग्रॅम मटेरियल, त्यात दहा टक्के तांबं, म्हणजे चाळीस ग्रॅम. पॅड बदलेपर्यंत तीन चतुर्थांश झिजलं तर तीस ग्रॅम तांबं बाहेर पडलं. पुढे मी सांगणार आहे की लिटरमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचे दोन भाग, एवढं विरघळलेलं तांबं सॅमनच्या पिल्लांना त्रास देतं. तीस ग्रॅम तांबं त्या प्रमाणात पसरलं तर दीड कोटी लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर. एका गाडीच्या पुढच्या पॅडच्या एका सेटमधून! अर्थात सगळं तांबं विरघळत नाही, बरंचसं गाळात बसतं, पण गाड्या लाखो आहेत आणि पॅड पुन्हा पुन्हा बदलले जातात. कॅलिफोर्नियासाठी २०१० सालचा अंदाज होता की ब्रेक पॅडमधून वर्षाला जवळपास १३ लाख पाउंड, म्हणजे सहाशे टनांच्या आसपास तांबं पर्यावरणात जातंय, आणि तिथल्या शहरांतून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यातलं जवळपास निम्मं तांबं ब्रेकचं आहे.

माशाच्या नाकात काय होतं

हा भाग मला सगळ्यात जास्त हलवून जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड नावाची खाडी आहे, सिएटल तिच्याच काठावर. तिथल्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन जन्मतात, पिल्लं वर्षभराहून जास्त काळ गोड्या पाण्यात राहतात, मग समुद्रात जातात, आणि साधारण तिसऱ्या वर्षी ज्या ओढ्यात जन्मले तिथेच अंडी घालायला परत येतात. आपला ओढा त्यांना वासावरून ओळखू येतो. माशाचं नाक आपल्यासारखं हवेतलं नाही, त्याच्या वास घेणाऱ्या पेशी थेट पाण्यात उघड्या असतात. विरघळलेलं तांबं त्या पेशींवर थेट आदळतं.

सिएटलमध्ये सरकारी मत्स्य संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी पिल्लांवर प्रयोग केले. एखाद्या माशाची कातडी फाटली की त्यातून एक रसायन पाण्यात सुटतं, आणि त्याचा वास आला की आजूबाजूची पिल्लं जागच्या जागी स्तब्ध होतात, कारण जवळ शिकारी आहे हे त्यांना कळतं. हलला तर दिसला, दिसला तर गेला. पण पाण्यात लिटरमागे २ मायक्रोग्रॅम तांबं घालून काही तास ठेवलं की हा वास त्यांना नीट येईनासा होतो. धोक्याची सूचना पाण्यात आलेली असते आणि पिल्लं मजेत पोहत राहतात. २०१२ साली जेनिफर मॅकिन्टायर आणि सहकाऱ्यांनी पिल्लांच्या टाकीत कटथ्रोट ट्राउट हा शिकारी मासा सोडून बघितलं, आणि तांब्यात राहिलेली पिल्लं त्याला जास्त सहज सापडली.

म्हणजे तांब्यानं मासा मेला नाही. मेलेला मासा दिसतो तरी, मोजता येतो, फोटो येतो. इथे मासा धडधाकट दिसतो, फक्त त्याला धोका कळत नाही आणि तो खाल्ला जातो. अशी हानी कुठल्याच आकड्यात पकडता येत नाही, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही. तिथल्या मूळ रहिवासी जमातींचं जगणं आणि करारानं मिळालेले मासेमारीचे हक्क याच सॅमनवर उभे आहेत, आणि प्युजेट साउंडचा चिनूक सॅमन १९९९ पासून संकटग्रस्त म्हणून सरकारी यादीत आहे. तिथे हा प्रश्न पोटाचा आणि हक्काचा आहे, नुसता निसर्गप्रेमाचा नाही.

"पण आपण तर तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो!"

हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच आणि विचारावाच. रात्री तांब्यात पाणी भरून सकाळी प्यायचं हे घराघरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. माशाला त्रास देणारं प्रमाण २ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा हजारावा भाग. आपल्या शरीराला तांबं थोडं लागतंच, आणि जास्त झालेलं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. माशाच्या कल्ल्यांना आणि नाकाला अशी मधली गाळणी नाही, चोवीस तास ते त्या पाण्यातच.

आणि तांबं बारीक जिवांना मारतं हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. नाशिकच्या द्राक्षांवर, कोकणातल्या सुपारीवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात ते बुरशी मरावी म्हणूनच. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. बोटींच्या बुडाला तांब्याचा रंग लावतात तोही त्यावर शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून.

कायदा कसा झाला

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण भागात तांबं जास्त आहे हे नव्वदच्या दशकात कळलं होतं. कारखान्यांवर नियम लावले, सांडपाणी केंद्रं सुधारली, तरी पावसाच्या पाण्यातलं तांबं राहिलंच. महापालिकांवर केंद्राच्या जलप्रदूषण कायद्याखाली दडपण होतं की तुमच्या गटारातून येणारं तांबं कमी करा. पण महापालिका काय करणार, लोकांच्या गाड्यांचे ब्रेक काय त्यांच्या हातात आहेत? हजारो गटारांना फिल्टर लावायचे म्हणजे खर्चाला अंत नाही.

१९९६ मध्ये ब्रेक पॅड पार्टनरशिप नावाचा एक गट तयार झाला, त्यात ब्रेक बनवणाऱ्या कंपन्या, महापालिकांचे लोक, पर्यावरणवाले आणि शास्त्रज्ञ एका टेबलावर बसले. वर्षानुवर्षं बसले. धूळ किती उडते, किती पडते, पावसात किती धुते, खाडीत किती पोचते, हे सगळं पायरी-पायरीनं मोजलं, कारण आधी पुरावा दाखवा असं उद्योगाचं म्हणणं होतं आणि ते रास्तच होतं. पुरावा आल्यावर मात्र टाळाटाळ करायला जागा उरली नाही. २०१० साली आधी वॉशिंग्टननं देशातला पहिला कायदा केला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं एसबी ३४६ हा कायदा केला, तो मांडला होता क्रिस्टीन केहो या सिनेटरबाईंनी आणि सही केली गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी.

दोन्हीकडे टप्पे साधारण सारखे. आधी शिसं, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) आणि ॲस्बेस्टॉस जवळजवळ बंद, वॉशिंग्टनमध्ये २०१५ पासून आणि कॅलिफोर्नियात त्याच्या एक वर्ष आधी. मग २०२१ पासून तांबं पाच टक्क्यांच्या आत. आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणजे कायदा झाल्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत पंधरा वर्षं दिली, मुदतवाढ मागायची सोय ठेवली, दुकानातला जुना साठा विकायला वेगळी मुभा दिली, आणि मोटरसायकल, लष्करी गाड्या, हँडब्रेक यांना वगळलं. काही लोकांना हे फार मवाळ वाटतं. मला वाटत नाही. ब्रेक ही जिवाशी खेळ असलेली वस्तू आहे, तिथे रातोरात बदल करायला लावणं चूक झालं असतं.

दोनच राज्यांचा कायदा, पण कुठली कंपनी दोन राज्यांसाठी एक पॅड आणि बाकी अमेरिकेसाठी दुसरा असं करत बसणार? जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची पर्यावरण संस्था, राज्यांच्या पर्यावरण खात्यांची संघटना आणि वाहन-पार्ट्स उद्योगाच्या संघटनांनी करार करून हीच मर्यादा देशभर ऐच्छिक म्हणून स्वीकारली.

"तांबं काढलं तर ब्रेक नीट लागतील ना?"

लागतात. पण सोपं नव्हतं. तांबं एकटं जी तीन-चार कामं करत होतं ती करायला एकच दुसरा पदार्थ मिळाला नाही, म्हणून प्रत्येक कामाला वेगळा घटक घालावा लागला, कुठे ग्रॅफाइट वाढवलं, कुठे ॲरामिड तंतू, कुठे स्टीलचे तंतू, टायटेनेटची खनिजं, कथिलाचं सल्फाइड, आणि मग हे सगळे एकमेकांशी नीट नांदतायत का ते पुन्हा तपासायचं. सुरुवातीच्या काही तांबंमुक्त पॅडबद्दल आवाज करतात, रोटर लवकर खातात अशा तक्रारी होत्या. आता चांगल्या कंपन्यांचे पॅड त्या पलीकडे गेलेत, आणि नव्या गाड्यांना तर ब्रेकच्या सुरक्षेची केंद्राची कसोटी पास करावीच लागते, तांबं असो वा नसो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. ती कसोटी नव्या गाडीला लागू आहे, नंतर बाजारातून आणलेल्या बदलीच्या पॅडला तशीच्या तशी लागू नाही. त्यामुळे अगदी स्वस्तातला अनोळखी पॅड नीट लागला नाही तर दोष तांबं नसण्याचा नसतो, पॅडच हलका असतो. आणि नवीन पॅड बसवल्यावर कंपनीनं सांगितल्याप्रमाणे सुरुवातीला हळूहळू ब्रेक मारून तो जुळवून घ्या, चकतीवरचा तो पातळ थर त्याशिवाय नीट बसत नाही.

"आणि तांब्याच्या जागी आणखी वाईट काही आलं तर?"

ही भीती खरी आहे. ॲस्बेस्टॉस काढलं आणि तांबं आलं, हाच इतिहास आहे ना. म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कंपन्यांवर जबाबदारी टाकलीय की पर्याय निवडताना त्याचा आरोग्यावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासा. अँटिमनी या मूलद्रव्याची संयुगं अजून काही पॅडमध्ये असतात आणि त्यांच्याबद्दल शास्त्रज्ञ काळजी करतात, ते योग्यच आहे. एकदा कायदा करून झालं असं इथे होत नाही, मटेरियलमध्ये काय येतंय त्यावर नजर ठेवावीच लागते.

"पण सॅमन तर टायरमुळे मरतात असं वाचलं होतं"

बरोबर वाचलंत, आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सिएटलच्या ओढ्यांत अंडी घालायला आलेले मोठे कोहो पावसानंतर काही तासांत तडफडून मरायचे, ते का हे कोडं अनेक वर्षं सुटत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनमधल्या संशोधकांनी शोधून काढलं की टायर टिकावा म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन बनतं आणि ते कोहोला मारतं. वर ज्यांचं नाव आलं त्या मॅकिन्टायरबाई या शोधातही होत्या. टायरचं विष मोठ्या माशाला मारतं, ब्रेकचं तांबं पिल्लाचं नाक बंद करतं. एक सापडलं म्हणून दुसरं निर्दोष ठरत नाही. रस्त्यावरून येणारं हेच गढूळ पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं तर कोहो जगतात हेही त्याच भागात दिसून आलंय, पण शहरातला प्रत्येक रस्ता असा गाळून काढणं शक्य नाही, त्यामुळे टायरच्या बाबतीतही शेवटी रबराचं मिश्रणच बदलावं लागेल असं मला ठामपणे वाटतं.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे सगळं संपेल का

थोडंसं. इलेक्ट्रिक गाडी थांबताना मोटर जनरेटरसारखी चालून वीज बनवते, त्यामुळे पॅड कमी घासतो आणि धूळ कमी होते. पण गाडी वजनदार, म्हणून टायर जास्त झिजतो. युरोपनं यावर वेगळा रस्ता धरला, मटेरियलमध्ये काय आहे ते विचारण्याऐवजी धूळ किती उडते ते मोजायचं. युरो ७ या नियमात पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा आलीय, पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिड कारला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला ३, आणि नव्या मॉडेलना ती नोव्हेंबर २०२६ पासून लागू होतेय.

भारतात ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर अशी मर्यादा घालणारा कायदा नाही, बीएस ६ चा सगळा भर धुराड्यातून येणाऱ्या धुरावर आहे. पण भारतातून अमेरिकेला ब्रेकचे पॅड आणि लायनिंग निर्यात होतात आणि तिथे जाणारा माल तिथल्या नियमातच बसावा लागतो. म्हणजे तांबंमुक्त मटेरियल बनवायचं ज्ञान आपल्या कारखान्यांत आलेलं आहे. मुळा-मुठेत किंवा मिठी नदीत पहिल्या पावसाबरोबर रस्त्यावरचं काय काय उतरतं याचा विचार करणाऱ्या कोणालाही ही बाब माहीत असायला हवी.

खोक्यावर काय बघायचं

पानांच्या चिन्हात एक पान भरलेलं असेल तर ती ए पातळी, शिसं-पारा वगैरे नाही पण तांब्याची हमी नाही. दोन पानं म्हणजे बी, तांबं पाच टक्क्यांच्या आत. तिन्ही भरलेली म्हणजे एन, अर्ध्या टक्क्याच्या आत. खोका फेकून दिला असला तरी पॅडच्या कडेवर छापलेल्या कोडमध्ये हीच अक्षरं आणि पुढे बनवल्याच्या सालाचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ एन २५. मेकॅनिककडे गाडी दिली असेल तर कुठले पॅड टाकताय ते आधीच विचारा, कारण जुना साठा विकायची मुभा अजून संपलेली नाही.

आणि गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवेवर पाइपनं धुण्यापेक्षा कार वॉशला न्या, तिथलं पाणी सांडपाण्याच्या लाइनमध्ये जाऊन साफ होतं, ड्राइव्हवेवरचं थेट ओढ्यात जातं. घरी पॅड बदलणारे कोणी असतील त्यांनी कॅलिपरमधली, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या चिमट्यातली, काळी धूळ हवेच्या झोतानं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं कचऱ्यात टाकावं.